रंगकारखान्याची फिल्म धाकटीला

मी खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, व्यवसाय चित्रपटांची सबटायटल लिहिणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने लिहून ठेवते. शरीर सध्या डॉक्टरांच्या ताब्यात असले तरी बुद्धी माझ्याच ताब्यात आहे. यापूर्वी असे काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर माझ्या कष्टाचे आहे. ते माझ्या पश्चात नवऱ्याचे. हॉलच्या पांढऱ्या भिंतीवर आम्ही दर रविवारी चित्रपट लावत आलो; तिच्यात खिळा ठोकू नये. संथ चित्रपट सुरू झाला की नवरा झोपतो, अशी रविवारी जमणाऱ्या मंडळींची तक्रार आहे. ती मी फेटाळते. माणूस गाढ झोपतो तो विश्वासाच्या जागी, आणि त्या चित्रपटांनाही कसली घाई नसते.

२. प्रोजेक्टर आणि सतरंजी रविवारच्या मंडळींना. नियम तोच: चित्रपट संपल्यावर चहा येईपर्यंत कोणी बोलायचे नाही.

३. कुरकुरणारी खुर्ची मंडळींतल्या प्राध्यापकांना. प्रत्येक लांब दृश्यात "दिग्दर्शकाला इथे काय म्हणायचंय..." असे ते सुरू करत. त्याला म्हणायचे असते तर तो म्हणाला असता. आता त्यांनी आणि खुर्चीने एकमेकांचे ऐकावे.

४. बाबा ज्या रंगकारखान्यात कामाला होते, त्यावरचा माहितीपट माझ्या कपाटात आहे. त्यात शेवटी बाबा क्षणभर कॅमेऱ्याकडे बघतात. चालतेबोलते बाबा दुसरीकडे कुठेच उरलेले नाहीत. तो धाकट्या बहिणीला.

आम्ही दोघींनी तो एकदाच एकत्र पाहिला. "ताई, नुसती यंत्रंच आहेत गं. पुढे ढकल ना." मी ढकलला नाही. मग तिने बाबांचा तेवढाच तुकडा कापून फोनवर मागितला. मी म्हटले, "चित्रपट अख्खा बघायचा असतो."

"तुला बापापेक्षा पिक्चर मोठा," असे म्हणून तिने चपला घातल्या. पुन्हा आली नाही. मीही बोलावले नाही. दोघी एकाच बापाच्या.

माझे मत बदललेले नाही. मात्र कारण लिहून ठेवते. रंग घुसळणारे मोठे यंत्र पडद्यावर बराच वेळ एकटेच दिसते; त्यालाच ती कंटाळली. त्या यंत्रामागे कोणीतरी खोकते. मग घसा खाकरते. जिना चढताना बाबा अगदी असेच खोकायचे, आणि आम्ही दोघी घाईघाईने पुस्तके उघडून बसायचो. हे तिला तिच्या कानांनी सापडावे म्हणून मी गप्प राहिले.

फिल्म तिला विनाअट द्यावी. धाकटे, कापायचंच असेल तर खोकल्यापासून काप.

साक्षीदार: तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाई, रविवारच्या मंडळींतले दातांचे डॉक्टर. दोघांदेखत सही केली. मजकुराबद्दल चहा येईपर्यंत दोघेही बोलले नाहीत.

ठिकाण: राहते घर, पांढऱ्या भिंतीसमोर
दिनांक: ९ मार्च, रविवार
सही: ताई