खांबांना रंग नको

रविवार, संध्याकाळ

माझ्या आजारपणात आई नवस बोलली होती, पोरगी बरी झाली तर गावच्या हेमाडपंती देवळाचे उरलेले खांब ऑइलपेंटने रंगवीन. आज अकोल्याहून रंगाचे डबे आले आणि मी नको म्हणाले.

काकू सगळ्यांसमोर कडाडली, "नवस तुह्यासाठी, अन् तूच आडवी येऊन राहिली? काहून वं?"

काय सांगू? बाबा तिथले पुजारी. अक्षरांच्याही आधी त्यांनी मला तिथलं कोरीवकाम बोट फिरवून ओळखायला शिकवलं. मृदंग वाजवणाऱ्या बाईची बोटं! रंगवलेल्या खांबावर ती उरलीच नाहीत, नुसता गुलाबी गोळा. न रंगवलेल्या खांबावर अजून आहेत, नखांसकट. मी हट्टी आहे का? असेन. पण ती बोटं...

बाबांनी हळूच विचारलं, "देवाले राग आला तं?"

"माहं नाव सांगा," मी म्हटलं, "नवस माह्याच नावाचा हाये."

खरंच पुन्हा आजारी पडले तर? आई मलाच बोल लावेल. लावू दे. उद्या रंगारी येतील तेव्हा मी त्या खांबाला पाठ टेकून उभी असेन. रंगवायचंच असेल तर आधी मला रंगवा म्हणावं.