पारनाक्याच्या ग्रुपला शिस्त लावताना

३ फेब्रुवारी, सोमवार
डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. बायकोने, मनोरमाने, तर आधीपासूनच सांगितलाय. तिचं म्हणणं, रिटायर झाल्यापासून मी तिच्या मागे फिरतो आणि भाजी कशी चिरायची ते सांगतो. मी मार्गदर्शन करतो, एवढंच.
उद्यापासून पारनाक्याला, बीचवरच्या व्यायाम ग्रुपमध्ये.

४ फेब्रुवारी
थंडी होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार
गेलो. सुरूच्या झाडांखाली माणसं हातपाय हलवतात. ग्रुप चालवतात दक्षाबेन. त्यांची चिकूची वाडी आहे. शिस्त शून्य. मध्येच मराठी, मध्येच गुजराती, मध्येच हसणं. रांगा वाकड्या. डहाणू स्टेशनवर मी बुकिंग सुपरवायझर होतो तेव्हा माझ्या खाकरण्याने रांग सरळ व्हायची. या लोकांना लीडर हवाय. महिनाभरात सूत्रं हातात घेईन. घाई करणार नाही.
शेवटी गोल करून प्रत्येक जण कुणाचे तरी आभार मानतो. मी रेल्वे प्रशासनाचे मानले. जरा लांबलं. काही जण डोळे मिटून ऐकत होते.

११ फेब्रुवारी
धावण्यात मी शेवटी. मागून सगळ्यांवर लक्ष राहतं. माझ्या थोडं पुढे लाडकीताई, कैनाडच्या शाळेतल्या बाई. त्यांचा गुडघा दुखतो. पळायचं कसं ते मी त्यांना सांगायला लागलो. मध्येच मला धाप लागली. त्यांनी थांबून मला पाणी दिलं. उरलेलं उद्या सांगेन.

१२ फेब्रुवारी
पाय उचलत नाहीत. विश्रांती हाही व्यायामच. भजी खाल्ली.

१६ फेब्रुवारी, रविवार
शवासन उत्तम जमलं. डोळे उघडले तेव्हा सगळे भोवती बसून चहा पीत होते. ऊन लागू नये म्हणून कुणीतरी माझ्या तोंडावर ओढणी टाकली होती. दक्षाबेन म्हणाल्या, सूर्यकांतभाई, तुमचं घोरणं ऐकून कुत्रापण झोपला. ते ध्यान होतं. समजावत बसलो नाही.
घरी येताना बरं वाटत होतं. चहामुळे असेल.

१९ फेब्रुवारी
कंटाळा केला, गेलो नाही. आठ वाजता फोन. रिटायर झाल्यापासून मला फोन येत नाहीत, म्हणून मी तो मनोरमाकडे दिला. तिने परत माझ्याकडे दिला. दक्षाबेन होत्या. आला नाहीत, बरे आहात ना, म्हणाल्या. ग्रुप माझ्यावाचून अडलाय, हे मी मनोरमाला दिवसभर सांगितलं.

२० फेब्रुवारी
प्रस्ताव मांडला. रविवारी विवळवेढ्याला महालक्ष्मीचा गड चढायचा. पुढे मी. मंजूर.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी
निम्म्याच्याही आधी पायरीवर बसलो. म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी मागची बाजू सांभाळतो. माझे ओठ पांढरे पडले होते म्हणे. कुणीच पुढे गेलं नाही. लाडकीताई पदराने वारा घालत राहिल्या. कुणीतरी खाली पळत जाऊन लिंबूपाणी आणलं. दक्षाबेन म्हणाल्या, मातेला सगळं दिसतं, आज इथूनच नमस्कार करू. सगळ्यांनी तिथूनच हात जोडले.
उतरताना दोघांनी मला दंडाला धरलं. मी विरोध केला नाही. तयार होतायत लोक माझ्या हाताखाली.

२८ फेब्रुवारी
दक्षाबेन म्हणाल्या, रविवारी भाभींना घेऊन या, तुमचा सत्कार आहे. म्हणजे सूत्रं. भाषण लिहिलं. मनोरमा म्हणाली, छोटं करा.

२ मार्च, रविवार
मला मध्ये उभं केलं. लाडकीताई बोलल्या. म्हणाल्या, मी ग्रुप सोडणार होते. रोज शेवटची यायचे, लाज वाटायची. मग सूर्यकांतदादा आले. आता शेवटी ते असतात. रोज. आणि तरी दुसऱ्या दिवशी हसत येतात. त्यांना बघून मी राहिले, डॉक्टरसुद्धा म्हणाले गुडघा सुधारला. थँक्यू दादा.
टाळ्या. सगळ्यात जोरात मनोरमाच्या.
ग्रुपचा टी-शर्ट दिला. एक साइज लहान.
मला बोलायला सांगितलं. लीडर व्हायला आलो होतो, हे आता कुणाला सांगणार. नुसतं थँक्यू म्हणालो. तेही नीट निघालं नाही. दक्षाबेन म्हणाल्या, बसा सूर्यकांतभाई, दम खा. बसलो. सगळे बाजूला सरकले, जागा झाली.

रात्री ९
उद्यापासून लाडकीताई सासूबाईंना घेऊन येणार. वय सत्तरच्या पुढे. माझा शेवटचा नंबर जातो की काय, अशी काळजी वाटली. मनोरमाला बोलून दाखवली.
ती म्हणाली, त्या अजून रोज शेतावर चालत जातात, तुम्ही निवांत झोपा.