बिननाडीचा जोड

प्रिय ताई,

हे पत्र घेऊन आलेली तुझी भावजय आहे. माझं अक्षर बघून दार लावून घेऊ नकोस गं, एवढं एकदा वाच. बूट शिवताना बाबांच्या उजव्या हातात आरी घुसली. साखरेचं दुखणं, त्यात हट्टी माणूस. जखम चिघळेपर्यंत कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. डॉक्टर म्हणतात, गुरुवारी हात काढला नाही तर विष अंगभर पसरेल. आणि बाबा सहीच करत नाहीत! म्हणतात, एक जोड अर्धा राहिलाय, तो पुरा करतो, मग खुशाल न्या हात.

तो जोड तुझा. काळा, अखंड चामड्याचा, टाचेला एकच शिवण, नाडीला चार-चार भोकं, बाकी नक्षी-बिक्षी काही नाही. आपण त्यांना 'मुके बूट' म्हणून हसायचो. आता असले जुने बूट लोक डिझायनरचे म्हणून काचेच्या कपाटात मिरवतात. पण बाबांचा नेम तुला ठाऊक आहे. गिऱ्हाईकाच्या पायात चढवून स्वतःच्या हातानं नाडी ओवल्याशिवाय बूट झाला असं ते मानत नाहीत. तू त्यांच्याशी भांडून गेलीस, आणि तुझा जोड बारा वर्षं तसाच फळीवर बसलाय.

काल मी मूर्खपणा केला. बाबांना हल्ली नीट दिसत नाही, म्हणून हिलाच तुझे बूट घालून खाटेशी बसवलं, तोंड उघडू नको म्हटलं. बाबांनी डाव्या हातानं घोटा चाचपला. हे पाऊल माझ्या लेकीचं नाही, एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे वळले. जन्मभर पाय मोजलेल्या माणसाला मी पायानं फसवायला निघालो! हिला रडू आवरेना. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता खरं सांगतो. तू गेल्यावर दोन महिन्यांनी बाबांनी तुला पत्र लिहिलं होतं. माझं चुकलं, परत ये, असं. पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं आणि मी ते टाकलंच नाही. माझ्यासाठी त्यांनी कधी एक बूट शिवला नव्हता, मी सदा विकतचे घालायचो. जळत होतो गं तुझ्यावर. तू उत्तर दिलं नाहीस असं ते समजतात, त्यांनी बोलावलं नाही असं तू. ते पत्र याच पाकिटात आहे. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, जन्मभर तोंड पाहू नकोस. पण बुधवारी ये, पाया पडतो. काही बोलू नकोस, नुसता पाय पुढे कर. नाडी त्यांच्या उशाशी ठेवलीय.

तुझाच,
ज्याला तू 'शेपूट' म्हणायचीस, तो