नाकाला लावलेलं बोट

पुणे, ता. ६ फेब्रुवारी १९९६

ती. नानांस जागृतीचा शि. सा. न. वि. वि.

रघुनाथकाकांबरोबर माझ्या फिल्मची कॅसेट पाठवली आहे. तुमच्या कारखान्यात केलेली वीस मिनिटांची तीच फिल्म. तिच्यात एकही शब्द नाही, नुसते माग आणि माणसं. तेच आता अंगाशी आलं. इथल्या खेळानंतर एका समीक्षकांनी पेपरात लिहिलं, चित्रं देखणी, पण कामगार मुके. दुसऱ्यांना तुम्ही दिसलात. छातीवर हात ठेवून नाकाला बोट लावणाऱ्या ‘म्हाताऱ्या कारागिरात’ त्यांना कोंडलेला श्वास दिसला.

फिल्म शिकवणारे आमचे सर म्हणतात, वीस तारखेच्या आत फिल्मवर निवेदन घाल, नाहीतर महोत्सवाला पाठवणार नाही. काय घालावं ते सुचत नाही, नुसतं रडू येतं. सगळ्यांनी पाहून खरं ते कळवा. लेक म्हणून सांभाळून घेऊ नका.

आईस नमस्कार. लोभ आहेच, तो फिल्म पाहिल्यावरही राहू द्यावा.

तुमची,
जागृती

बमरोली, सुरत, ता. १२ फेब्रुवारी १९९६

चि. जागृतीस नानाचे अनेक आशीर्वाद.

व्हीसीआर भाड्याने आणून काल अख्ख्या चाळीने फिल्म पाहिली. ती मुकी आहे असं इथे कोणालाच वाटलं नाही. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून आम्ही हातांनी बोलतो. तू शूटिंगपुरती आत आलीस, तुला कोण सांगणार? लोटू चार मागांपलीकडून आनंदाकडे विडी मागतो आणि आनंदा खिसा दाबतो, तिथे सगळे हसले. आनंदाची बायको तेवढी हसली नाही. त्याने विडी सोडल्याची शपथ घेतली होती.

आता त्या कोंडलेल्या श्वासाचं. छातीवर हात म्हणजे माझी, आपल्या बोलीत मनी. नाकाला बोट म्हणजे चमकी, म्हणजे पोरगी. कॅमेरावाली कोण, असं लोटूने विचारलं. मी सांगितलं, मनी पोर. घरी हे कधी बोललो नाही, तिथे बोलून गेलो. तुझ्या आईने ती जागा तीनदा मागे नेऊन पाहिली. मला म्हातारा म्हणणाऱ्याचा पत्ता ती मागते आहे.

शब्द घालायचे की नाही, ते तूच ठरव. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझा,
नाना

पुणे, ता. १९ फेब्रुवारी १९९६

ती. नानांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सरांना वाचून दाखवलं. त्यांनी फिल्म पुन्हा लावली आणि तुमच्यापाशी थांबवली. मग म्हणाले, एक शब्दही घालू नकोस. काल ती तशीच महोत्सवाला गेली. निवडली नाही तरी मला आता वाईट वाटणार नाही. आईला पत्ता मात्र देणार नाही.

लोभ दोन्ही हातांनी असावा.

तुमची,
जागृती

ता. क. छातीवर हात ठेवून मग मिशीवरून बोट फिरवलं, तर ‘माझे नाना’ होतं ना? मे महिन्यात येईन तेव्हा कारखान्याच्या दारातून करून बघेन. चुकलं तर लोटूकाकांना हसू देऊ नका.