इंदूचा इंग्रजी शब्द आणि माझी पहिली ओवी

बोरी, माघ शु. २, शके १८६३
इंदू आली. माझी धाकटी जाऊ. दिवाळीपासून भाऊजींच्या नोकरीपायी हैदराबादेत होती, तर येताना चालच बदलून आली. नळाचं पाणी म्हणे लाइफ-चेंजिंग. बटन दाबलं की दिवा, तोही लाइफ-चेंजिंग. आत्याबाई सासूपणा विसरून तिच्या तोंडाकडं बघत बसल्या. माझी भाकर तव्यावर करपली, ती कोणाला दिसली न्हाई.

माघ शु. ४
विचारलंच. "त्याचा अर्थ काय गं?"
"ज्याच्यानंतर माणूस पहिल्यासारखं राहत न्हाई, बाई. जिंदगीच फिरते."
मग नळाला कशाला लावती? रोज जिंदगी फिरायली तर माणूस चक्कर येऊन पडंल.

माघ शु. ५
सकाळी दळताना तिनं तो शब्द ओवीत घातला. बसलापण. आत्याबाई हसून हसून डोळे पुसायल्या. म्हणल्या, "गोदाच्या हळदीला पहिली ओवी ह्या बारीला इंदूच म्हणंल."
गोदा आमची नणंद. ह्या घरात हळदीच्या जात्यावर पहिली ओवी मी म्हणते, लग्न होऊन आले तवापासून. गल्लीतल्या बाया ऐकायला येतात. दुसरं काय हाय माझं?
जातं मुद्दाम जोरात ओढलं. तिचा दम तुटला न्हाई. माझाच जळफळाट.

माघ शु. ७
इंदू म्हणली, "बाई, तुमचं असं लाइफ-चेंजिंग काय झालं?"
"चूल. दुसरं काय?"
खोटं बोलले. ती नवी नवरी होती तवा दुपारी चुलीपुढं राख पसरून तिनं मला बोटानं अ गिरवायला शिकवलं. त्याच्या आधी मी...
आता हे लिहायले. तिच्यावर जळते तेपण तिनंच दिलेल्या अक्षरात. पण तिला सांगायची न्हाई.

माघ शु. ९
इंदू: "पहिली ओवी तुमीच म्हणा, मी मागून धरते." दान केल्यागत. लयच राग आला. आत्याबाई म्हणल्या, दोघी खुंटा धरा, जिला सुचंल तिनं सुरू करा.

माघ शु. १०
उद्या हळद. जातं धुतलं. भाकरी थापताना ओवी आली,

पहिली माझी ओवी गं, राखेतल्या अक्षराला
धाकट्या जाऊबाईनं डोळे दिले थोरलीला

म्हणले तर सगळ्या बाया तिच्याकडंच बघतील. न्हाई म्हणले तर... ह्याच्याहून चांगली आजवर सुचली न्हाई मला. सांजेपर्यंत दुसरी जुळवत बसले. एकपण बसंना.