गाणं मध्येच थांबतं

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

गाण्यांचा डबा आज पुन्हा मध्येच गप्प!

नवी गाणी शुक्रवारी येतात. कोण कुठली पोरं, कुठल्या खोलीत बसून करतात देव जाणे – पण शुक्रवार चुकवत नाहीत. मी उशी पाठीला लावून ऐकायला बसले होते. एक मुलगी गात होती, कपड्यांच्या घड्या घालता घालता गावं तशी. कुणी ऐकतंय का याची फिकीर नाही. मागे एकच गिटार, तीही लाजत लाजत. मला आवडलं. आता आवाज वर चढणार, तेवढ्यात – गप्प. मी डब्याला एक टपली दिली. ‘लाव’ म्हटलं. लावलं त्याने. जरा वेळाने पुन्हा गप्प. हट्टी आहे. ज्याचा आहे त्याच्यावरच गेलाय.

डबा गुंड्याचा, म्हणजे माझ्या नातवाचा. गुंड्या गेला त्याला दोन वर्षं होत आली. गेला म्हणजे घर सोडून गेला. तसला गेला नाही. तसलं मी तोंडातून काढत नाही. नोकरी सोडून बँडमध्ये वाजवणार म्हणाला, बाप म्हणाला मग या घरात राहू नकोस, आणि पोरगं गिटार उचलून जिना उतरलं. पहिले काही महिने आईला फोन यायचा. मग नंबरच लागेना. पोलीस म्हणाले, सज्ञान आहे, स्वतःच्या पायांनी गेलाय. जसे बाकीचे लोक शेजाऱ्याच्या पायांनी जातात.

मागच्या महिन्यात माझ्या लेकाने त्याची खोली रिकामी करायला लावली. ‘तो गाण्यांचा डबाही टाकून द्या,’ म्हणाला. सूनबाईने टाकला म्हणून सांगितलं. तो माझ्या पलंगाखाली आहे, उशीच्या खोळीत. डब्याला लिहिता-वाचता येत नाही आणि मलाही; तोंडी सांगितलं की दोघांचं भागतं.

हेही तोंडीच चाललंय. वरच्या मजल्यावरच्या तारवालीने फोनमध्ये सोय करून दिली. बोललं की लिहून घेतो, तारीख आपली आपण घालतो. काय लिहितो ते मला वाचता यायचं नाही. बरंच आहे – स्वतःचं वाचून सुधारायची भानगड नको.

रविवार, ९ नोव्हेंबर

तारवालीबरोबर कार्यक्रमाला गेले. फर्निचरच्या दुकानावर एक लांबट खोली आहे, तिथे असले बँड वाजवतात. आवाज कमी-जास्त करण्याचं यंत्र सांभाळणं हा तारवालीचा धंदा. चाळिशी उलटलेली बाई, केस पांढरे झालेत, आणि खांद्यावर सदा वायरींची वेटोळी – म्हणून तारवाली. मला तिच्या शेजारी खुर्ची मिळते आणि कानांत घालायला कापूस. बाकी सगळी जनता उभी. एक पोरगा म्हणाला, आजी, तुम्ही कोणाच्या फॅन? म्हटलं, छताच्या. तो फिरत नव्हता.

लेकाला सांगितलं होतं की तारवालीकडे गप्पा मारायला जाते. गप्पाच मारल्या. जरा लांब जाऊन मारल्या एवढंच.

गुंड्या इथे वाजवायचा. म्हणून जाते. अंधारात मागून सगळी पोरं गुंड्यासारखीच दिसतात – तीच वाकलेली मान, तेच न विंचरलेले केस. मी उठते, वळसा घालून पुढे जाते, तोंड बघते, परत येऊन बसते. तारवालीला ठाऊक आहे. येताना माझा हात धरून जिना उतरवला आणि म्हणाली, आज दुसरा बँड बरा होता, नाही? म्हटलं, ढोलवाला जरा घाईत होता, घरी दूध उतू जात असावं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

नवी गाणी. पहिल्यात कुणीतरी पत्रा बडवत होतं – ‘पुढचं’. दुसऱ्यात एक मुलगा आपलं दुःख इतक्या हळू सांगत होता की मला डब्याला कान लावावा लागला, आणि कान लावला तर दुःख संपलेलं. ‘पुढचं’. मग ती घड्या घालणारी मुलगी. बँडचं नाव डब्याने सांगितलं: तीन खुर्च्या.

दिवेलागणीला पुन्हा गप्प. वेळही ठरलेली दिसते याची.

शनिवार, १५ नोव्हेंबर

डबा शालीत गुंडाळून तारवालीकडे नेला. दुरुस्त कर म्हटलं. तिने उलटसुलट करून बघितला, स्वतःच्या फोनवर काहीतरी लावून बघितलं. मग डबा हळूच खाली ठेवला. मला वाटलं, गेला डबा.

म्हणाली, “आजी, हा बिघडलेला नाही. एका नावावर एका वेळी एकाच जागी गाणं वाजतं. दुसरीकडे कुणी लावलं की इथलं थांबतं.”

“दुसरीकडे म्हणजे कुठे?”

“ते कळत नाही. पण गुंड्याच्या नावाने कुणीतरी रोज गाणी ऐकतंय.”

मी डबा पुन्हा शालीत बांधला. गाठ बसेना. तिने बांधून दिली.

रविवार, १६ नोव्हेंबर

जिवंत आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

तीन दिवस पोटात ठेवलं. आज सूनबाईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सगळं ऐकून घेतलं, सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली, मग खाली फरशीवर बसली. रडली नाही. म्हणाली, परत सांगा. परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं.

ह्या बाईला दोन वर्षांत धड जेवताना मी पाहिलेलं नाही. चार घास ताटात फिरवते आणि उठते. आज ताट पुसून जेवली. माझ्या लेकाने वर बघितलं, पुन्हा मान खाली घातली. तो हल्ली कुणालाच काही विचारत नाही. पोराचं नाव घेतलं की उठून जातो.

त्याला सांगायचं नाही असं दोघींचं ठरलं. हा ऑफिसातल्या कुणाला तरी हाताशी धरणार, कुठून ऐकतोय ते शोधायला लावणार, जाऊन दारात उभा राहणार, आणि बोलायला गेला की याच्या तोंडून ओरडणंच निघतं. पोरगं मग तेही नाव बंद करून टाकील. एवढा एकच दोरा हातात आहे. ओढायचा नाही. नुसता धरून बसायचं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

तारवालीने आणखी एक सांगितलं. मी ‘पुढचं, पुढचं’ करते ना, त्याने त्याच्या यादीतली गाणी बदलतात. डब्याला वाटतं, यालाच ती नकोशी झाली. म्हणजे मी घरी बसून पोराच्या ताटातलं काढून घेत होते!

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आता पत्रा बडवणारेही शेवटपर्यंत ऐकते. त्याची आवड त्याची राहू दे. आज एकाने तर एवढा गोंधळ घातला की सूनबाई धावत आली, काय पडलं म्हणून. म्हटलं, काही पडलं नाही, तुझ्या मुलाची आवड आहे.

ती माझ्याजवळच बसली. दिवेलागणीला गाणं थांबलं. पूर्वी मी टपली मारायचे. आज दोघी गप्प बसलो – तो ऐकतोय म्हणून. घरात कुणी झोपलेलं असताना बसावं तशा. मग मी हळूच ‘लाव’ म्हटलं. तेच गाणं, पण बरंच पुढे गेलेलं. तिथवर त्याने ऐकलं होतं. थोडं आम्ही ऐकलं. पुन्हा त्याने घेतलं.

सूनबाई म्हणाली, “त्याला कळत असेल का, आपण आहोत ते?”

म्हटलं, कळत नसतं तर चिडून केव्हाच सोडलं असतं. पहिल्यापासून चिडकाच तो.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

तीन खुर्च्यांचं नवं गाणं आलं. एका बाईचं आहे; ती रोज दोन माणसांचा चहा करते आणि एक कप ओतून देते. एवढंच. त्यात वर-खाली काही नाही, मुलगी साधं सांगितल्यासारखं गाते. सूनबाई उठून खिडकीशी गेली. मी तेच पुन्हा लावायला सांगितलं. मग तिकडून थांबलं. मी लावलं तर संपत आलेलं. मग तिकडून पहिल्यापासून लागलं असणार, कारण पुढच्या खेपेला मी ‘लाव’ म्हटलं तर पहिलंच कडवं चाललेलं. त्यालाही आवडलं! चार-पाच वेळा असं झालं. मांडीवरचं मूल एकीने दुसरीकडे द्यावं, दुसरीने परत, तसं.

लेक वर आला तोवर जेवण गार झालं होतं. गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणाला. सूनबाईने न कुरकुरता पुन्हा गरम करून वाढलं. तिच्या अंगात हल्ली जीव आलाय. बाजारातून गुंड्याच्या मापाचा एक शर्ट आणून कपाटात माझ्या शालींखाली ठेवलाय. मला दाखवला नाही. मी बघितला.

सोमवार, १ डिसेंबर

तारवाली सकाळी सांगून गेली: शनिवारी तीन खुर्च्या तिच्याकडे वाजवायला येणार आहेत. नवीन गाण्यासाठीच हिंडतायत गावोगाव.

सूनबाई म्हणाली, तो येईल. मलाही वाटतं. रोज तेच गाणं ऐकतोय. या मुलीला ऐकायला तो येणार नाही तर कोण येणार?

गुरुवार, ४ डिसेंबर

आठवडाभर दर संध्याकाळी तेच एक गाणं. शब्द न् शब्द पाठ झाला.

शनिवार, ६ डिसेंबर

सांगते तसं लिही.

सूनबाई पहिल्यांदाच आली. शर्ट पिशवीत. ती दोन वेळा केस विंचरून आली होती. आम्ही तारवालीजवळ न बसता दारापाशी उभ्या राहिलो, म्हणजे जिन्यावरून येणारा प्रत्येक जण दिसेल. खूप पोरं आली. दर वेळी तिची बोटं माझ्या मनगटात रुतायची, मग सुटायची.

तीन खुर्च्या म्हणजे खरोखर तीन खुर्च्या ठेवल्या होत्या. गाणारी मुलगी डब्यात वाटते त्यापेक्षा लहान आहे, अंगात मोठा स्वेटर. पहिली दोन गाणी झाली. तिने तिसरं सुरू केलं, चहाचं. आणि जिन्यावर पाय वाजले.

माझा लेक.

ऑफिसचेच कपडे, हातात गाडीची किल्ली. आम्हाला बघून पायरीवरच थांबला. मला वाटलं, सूनबाईने सांगितलं याला. तिला वाटलं, मी सांगितलं. तो म्हणाला, “तुम्ही दोघी इथे?” मी म्हटलं, “आणि तू?” याला या गाण्यांचा आवाज सहन व्हायचा नाही. गुंड्याने डबा मोठा केला की हा भिंतीवर मूठ आपटायचा.

तो सरळ आत शिरला. गर्दीतून वाट काढत एकेका पोराच्या पुढे जाऊन तोंड बघू लागला. वळसा घालायचा, बघायचं, पुढे जायचं. हे असं करणारी मी एकटीच आहे असं मला वाटायचं.

परत आला आणि आमच्याजवळ उभा राहिला. गाणं चाललंच होतं. त्याचे ओठ हलत होते. मुलीच्या जरा पुढेच, पुढचा शब्द माहीत असल्यासारखे.

गुंड्या आला नाही. लोक संपेपर्यंत थांबलो. तारवालीने वायरी गुंडाळल्या, दिवे लावले. लख्ख उजेडात खोली एवढीशी दिसली. सूनबाईने पिशवी छातीशी धरली होती. तिच्या नवऱ्याने आत काय आहे विचारलं नाही. तिच्या हातातून घेतली आणि घरापर्यंत आणली.

रविवार, ७ डिसेंबर

सकाळी लेकाने मला औषधाला नेलं. किल्ली फिरवली आणि गाडीत गाणी लागली. पत्रा बडवणारे. गुंड्याने कधीतरी आपलं नाव गाडीला जोडून ठेवलंय, ते तसंच आहे. गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन तो म्हणाला, “आई, त्याची गाणी मी रोज संध्याकाळी खाली बसून ऐकतो. तुला सांगणार नव्हतो. पण ती मध्येच थांबतात. ऑफिसात विचारलं – दुसरीकडे त्याने लावलं की थांबतात. कालच्या कार्यक्रमाचंही तिथेच कळलं. तो आहे, आई. चहाचं ते गाणं त्यानेच मला ऐकवलं.”

मी समोरच्या काचेकडे बघत राहिले. डबा टाकून दिलाय, असं त्याला अजून वाटतंय.

संध्याकाळी तो ‘गाडी पुसून येतो’ म्हणून खाली गेला. सूनबाईने पलंगाखालून डबा काढून माझ्यापुढे ठेवला. काल नाही जमलं गुंड्याला यायला, म्हणाली, आज ऐकेलच.

मी म्हटलं, लाव.