ट्रँटरची दुसरी बाटली

१२ एप्रिल
ठरलं. निवृत्त माणसानं काहीतरी भरीव करावं. घरी एल बिअर बनवणार. हल्लीची ती संत्र्याच्या वासाची फिकट बिअर नव्हे. अस्सल इंग्लिश, तांबूस, मोड आणलेल्या जवाच्या मॉल्टची. हिलरीला सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली आणि शब्दकोडं सोडवत राहिली. बायकोचा पूर्ण पाठिंबा आहे.

१९ एप्रिल
पहिला घाणा. भिजवलेल्या मॉल्टचं तापमान काटेकोर सांभाळायचं असतं. सांभाळलंच होतं. मधेच रेडिओवर क्रिकेट लागलं आणि गॅस चालू राहिला. एल जरा गोड होणार. पूर्वी गोडच करत असणार.
बादली गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात. यीस्टला ऊब लागते. टॉवेल बाहेर काढले.

२२ एप्रिल
झाकण उडालं. फेस हिलरीच्या इस्त्रीच्या चादरींवर. म्हणजे यीस्ट दमदार आहे. हिलरीला हा मुद्दा पटत नाही.
तिची अट: ऑगस्टमधल्या गावच्या भाजी-प्रदर्शनापर्यंत एका तरी माणसानं आपण होऊन दुसरी बाटली मागितली, तर कपाट माझं. नाहीतर बादलीसकट सगळं चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत.
एकच माणूस! हसूच आलं.

२५ मे, दुपार
पबवाल्या ग्लेनिसला पहिली बाटली दिली. एक घोट घेतला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. भारावली बिचारी.
पाद्रीबाबा ‘फारच वेगळी आहे’ असं दोनदा म्हणाले. उरलेली परत पाठवली, तुम्हालाच लागेल म्हणून. किती निःस्वार्थी माणूस.

१ जून
स्वतः अर्धा ग्लास घेतला. अजून मुरायला हवी. तोवर चहा.

१४ जून
शेजारच्या डेस्मंड ट्रँटरला एक बाटली दिली. हवापाण्यापलीकडे न बोलणारा माणूस. आशा नाही.

२१ जून
ट्रँटर कुंपणाशी आला. “नॉर्मन, तसली अजून आहे का रे? असेल तर दे.”
धावत जाऊन हिलरीला सांगितलं. ती म्हणाली, डेस्मंड तर दारूला शिवतही नाही. म्हणजे माझ्या एलसाठी गड्यानं नियम मोडला! लगेच बाटली नेऊन दिली.

१२ जुलै
ट्रँटर दर आठवड्याला मागतो. खरा जाणकार. फेस नको म्हणतो, शिळी चालेल म्हणतो, गोड आहे तेच बरं म्हणतो. संध्याकाळी बाटली घेऊन एकटाच बागेत जातो. चवीला एकांत लागतोच.
दुसरी बादली आणली. चादरी आता माळ्यावर.

२३ ऑगस्ट, प्रदर्शन
ट्रँटरच्या कोबीला चषक. पानाला एक भोक नाही. मंचावर चढला आणि चक्क बोलला. “यंदा गोगलगाईंनी माझा एकही कोबी खाल्ला नाही, ते या नॉर्मनमुळं. याची बिअर बशीत ओतून वाफ्यात ठेवली की मेल्या आपणहून येऊन बुडतात. दुकानातली आणली तर ढुंकूनही बघत नाहीत.”
टाळ्यांचा कडकडाट. ग्लेनिसच्या सगळ्यात जास्त. पाद्रीबाबा डोळे पुसत होते.
चहा न घेताच घरी आलो.

२४ ऑगस्ट, सकाळ
सामान स्वतःच विक्रीसाठी दाराशी आणून ठेवलं. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फारच वाईट वाटलं.
हिलरीनं पाहिलं. म्हणाली, “त्यानं दुसरी मागितली ना? मागून प्यायलाच हवी, असं मी कुठं म्हटलं होतं? ठेव ती बादली आत.”
शिवाय गोगलगाईंनी दुकानातली नाकारली, ही गोष्ट गावात कुणाच्या लक्षात येत नाही.

संध्याकाळ
हिलरी स्वयंपाकघरात आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच म्हणाली, “मला एक बाटली दे ना.”
लग्नातले ग्लास काढले, पुसले, उजेडात धरून हलकेच ओतायला लागलो.
“ग्लास नको,” ती म्हणाली. “खोलगट बशी दे. डेलियाची पानं बघ जरा, चाळण झालीये नुसती.”
बशी दिली. ती बागेत गेली.
थोड्या वेळानं परत आली आणि दुसरी बाटली मागितली. आपण होऊन.